खोल पाण्यात उभा बगळा

त्या सकाळी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, आणि तिच्या धंद्यात ते बरंच म्हणायचं. पाण्यावरून उडणारं छोटं विमान आज ती, शिकवणारे कॅप्टन शेजारी नसताना, पहिल्यांदाच प्रवासी घेऊन नेणार होती. आणि पहिली प्रवासी कोण, तर साक्षात सासूबाई.

सरोवराच्या पार दुसऱ्या टोकाला नणंद नुकतीच बाळंत झाली होती. रस्त्याने डोंगराला वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. विमानाने वीस मिनिटं. सुनेच्या उडण्याला सासूबाईंनी आजवर ना बरं म्हटलं होतं ना वाईट. पण नात झाल्याचं कळलं आणि त्यांनी आपणहून पिशवी भरली.

धक्क्यावर लाँचवाले काका वाट बघत होते. उड्डाणाआधी समोरचं पाणी पिंजून काढायचं, होड्या बाजूला घ्यायला लावायच्या, वाहून आलेली लाकडं ओढून न्यायची, हे त्यांचं काम. सगळं साफ आहे, असं त्यांनी सांगितलं. तिने विमानाखाली चाकांच्या जागी असलेल्या पोकळ, तरंगत्या फ्लोटमध्ये झिरपलेलं पाणी उपसून टाकलं, सासूबाईंना लाइफ जॅकेट चढवलं, दार कसं उघडायचं ते दोनदा दाखवलं. मग बजावलं, की विमान वर जाईपर्यंत गप्पा नाहीत. मात्र पाण्यावर काही वेगळं दिसलं तर लगेच सांगायचं. आपल्याला गप्प बस म्हणायची घरात कुणाची छाती झाली नव्हती, असं पुटपुटत सासूबाईंनी ते कबूल केलं.

तिने थ्रॉटल पुढे सरकवला. इंजिन गरजलं, नाक वर झालं आणि समोर नुसतं आभाळ उरलं. मग नाक खाली आलं, विमान पाण्याच्या पाठीवरून घसरत सुसाट निघालं. दोन्ही बाजूंनी तुषार उडत होते. आणखी थोडा वेग, की पाणी सुटणार! तिच्या अंगावर आनंदाने काटा आला.

"सूनबाई, तो बगळा उभा आहे," सासूबाई म्हणाल्या.

उजव्या अंगाला, बरंच पुढे, एक पांढरा ठिपका. बसलेला नव्हता, तरंगत नव्हता, उभा होता. तिथं तर चार पुरुष पाणी! मग त्याच्या पायाखाली आहे काय?

विचार पुरा व्हायच्या आत तिच्या हाताने थ्रॉटल मागे खेचला होता. विमानाने पाण्यात फतकल मारली, मागून आलेल्या त्याच्याच लाटेने त्याला दोन हेलकावे दिले. बगळा कंटाळल्यासारखा उडून गेला. तो होता तिथं एक काळाकुट्ट ओंडका पाण्याखाली जेमतेम वीतभर लपला होता.

काका लाँच दामटत आले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. मघाशी तो तिथं नव्हता, एवढंच ते म्हणत राहिले. प्रवाहाने मागाहून आणला असेल, ती म्हणाली. पुन्हा सगळं पाणी बघू, आणि लाँच बाजूला झाली की लगेच निघू. काकांनी ओंडक्याला दोर बांधला. खिडकीतून सासूबाई गाठ कशी मारावी ते सांगत होत्या आणि काका चक्क ऐकत होते.

दुसऱ्या खेपेला पाणी सुटलं. फ्लोटखालची थडथड एकदम थांबली, काठ खाली खाली गेला, काकांची टोपी हलताना दिसली. तिच्या तोंडून नकळत शीळ निघाली.

"आता बोलू का?" सासूबाईंनी विचारलं, आणि उरलेली वीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत.

पलीकडच्या धक्क्यावर नणंद दुपट्यातलं बाळ घेऊन उभी होती. सासूबाईंनी नातीला दोन्ही हातांत घेतलं.

"ही तुझी मामी," त्यांनी तिला सांगितलं. "विमान उडवते. आणि थांबवायचं कधी, तेही कळतं तिला."

नणंदेला काही उमगेना. मग सासूबाईंनी तिथंच फळ्यांवर बसून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांच्या सांगण्यात ओंडका लाँचएवढा झाला होता. सुनेने तो लहान केला नाही.