टाकीवरचा जोर

आमच्या दादाला जोर म्हटलं की बाकी काही दिसत नाही. गाडी जोराची, आवाज जोराचा, आणि आता अँटेनाही जोराचाच. मी धाकटी आणि जिभेची तिखट, त्यामुळे मी तोंड उघडलं की हा म्हणणार, "झाली तिखी सुरू!" झालेच! का होऊ नये?

आम्ही दोघं भावंडं घरोघरी इंटरनेट देतो. पाण्याच्या टाकीवर एक मोठा अँटेना आणि त्याच्याकडे तोंड करून प्रत्येक गच्चीवर एक छोटी डिश, असा आमचा संसार. टाकीवरचा जुना अँटेना गंजून बंद पडला, तेव्हा नवा घेण्याआधी मी नेहमीसारखी वर चढले. आमची पद्धतच आहे ती. ज्याला नेट हवं त्याने आपल्या गच्चीवरून उन्हात आरसा चमकवायचा. मला चमक दिसली की मध्ये झाड नाही, भिंत नाही, हे पक्कं. सगळ्यात आधी चमकली ती चढावरची, अगदी एका कडेची, मावशीची गच्ची.

मावशीला घाई असणारच. पक्षाघाताने तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या काकांची, वाचा गेली होती. एक बाई रोज नेटवर, पडद्यावरून त्यांना एकेक शब्द परत शिकवत होत्या. कसंबसं 'पाणी' आलं होतं. बाईंनी बजावलं होतं की सराव तुटला तर आलेलंही जाईल.

म्हणून मी दादाला दहादा सांगितलं, "रुंद घे. लांब कमी गेला तरी चालेल, पण सगळीकडे पसरायला हवा." आणि हा शहाणा दुकानातून काय घेऊन आला? पाइपचं तोंड बोटाने दाबलं की धार लांब जाते आणि बाजूची रोपं कोरडी राहतात ना, तसला अँटेना! का, तर म्हणे लांबच्या कारखान्यापर्यंत पोचतो. तिथल्या मॅनेजरसमोर मिशीला पीळ द्यायचा होता याला.

"आणि मावशी?" मी विचारलं.

"अगं, एवढा जोर आहे, तिकडेही जाईल की!"

गेला नाही. डिश हलवून पाहिली, वायर बदलून पाहिली, काही उपयोग नाही. काही दिवसांनी मावशीकडे गेले, तर काका बंद पडद्यासमोर बसलेले. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं, ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताणल्या. नुसती हवा बाहेर आली. मावशी भिंतीकडे तोंड करून उशीचा अभ्रा नीट करत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच टाकीवर चढले, पान्याने नट सैल केले आणि अँटेना चढाकडे वळवला. मावशीला फोन केला, "बाईंना लाव. आत्ताच्या आत्ता."

थोड्या वेळात दादा धावत आला. "तिखे! काय केलंस? कारखान्यातलं नेट गेलं! मॅनेजर फोनवर आहेत!"

"एवढा जोर आहे ना? तिकडेही जाईल की!"

"वेड लागलंय का? खाली उतर!"

"काकांचा तास संपल्याशिवाय उतरणार नाही. उद्याही चढेन, परवाही चढेन. मॅनेजरला सांग, माझी बहीण ऐकत नाही."

एवढ्यात माझा फोन वाजला. मावशीचा नंबर होता. पलीकडून घासल्यासारखा आवाज आला, तुटला, परत आला. "पा... णी."

"म्हणाले!" मी कठड्यावरून ओरडले. "दादा, पाणी म्हणाले! तुझ्या कारखान्यापायी हेसुद्धा जात होतं, कळतंय का तुला?"

 दादाने मॅनेजरचा फोन ठेवला आणि दुकानाचा नंबर लावला.

"रुंद म्हण!" डोळे पुसत मी वरून खेकसले. "रुंद! आणि जोर किती आहे ते अजिबात विचारू नकोस!"