संधिपादाचा संधिवात

मी किरवं बोलतोय. शिकलेल्यांच्या तोंडी खेकडा. मुक्काम मंगळवार पेठेतलं एक हायस्कूल, प्रयोगशाळेचं कपाट, काचेची बरणी.

जन्म गगनबावड्याच्या ओढ्यातला. शहाण्णव साली सहलीला आलेल्या बाळासो सरांनी मला उचललं आणि मी त्यांचा अंगठा धरला. हातून घडलेलं ते शेवटचं चांगलं काम.

शिक्षण अर्धंच. दरवर्षी नववीला प्राण्यांचे संघ सुरू होतात, सर संधिपादांपर्यंत येतात, मला बरणीसकट हलवून दाखवतात आणि घंटा होते. एवढं कळलं, की अंगावर कवच अन् पायाला सांधे, ते संधिपाद. झुरळ, विंचू, गोम, मी, सगळी एक भावकी. जगातले निम्म्याहून जास्त प्राणी आमचेच. पण वर्गवारी माणसानं केली आणि स्वतःला सगळ्यात वर बसवलं. वाढप्यानं मटणातली नळी आपल्याच ताटात टाकावी, तसं!

बरणीवरची चिठ्ठी शिपाई केरबानं सरांच्या कागदावरून उतरवली. सरांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी. 'संघ: संधिपाद'चं झालं 'संघ: संधिवात'. सात वर्षं बरणी सरांच्या हातात नाचली, बीएड झालेल्या डोळ्यांना दिसलं नाही. दिसलं झाडलोट करणाऱ्या शालूबाईला. ती साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली, म्हणून दिसेल ती पाटी वाचणारी. त्यात गुडघ्यांनी बेजार. किरव्याचा रस्सा सांध्याला चांगला, हे तिला माहेरापासून ठाऊक.

तिनं झाकण काढलं. "सर, ह्यातलं चमचाभर घेऊ काय?"

सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "घ्या की मावशी."

माझी सगळी मस्करी आटली. त्या पाण्यानं काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ओरडावं तर तोंडात तेच पाणी. शालूबाईनं नाक दाबलं. औषध म्हटल्यावर वास येणारच! चमचा ओठाला लागणार, तोच केरबा दारात.

"आगं ए, टाक ते! फॉर्मालिन हाय त्यात, मरशील की!"

"मग वर संधिवात कुणी लिवलंय? तुझ्या आज्ज्यानं?"

केरबा सरांकडं बघायला लागला आणि सर चिठ्ठीकडं. सात वर्षांत पहिल्यांदा.

मग सरांनी स्वतः नवी चिठ्ठी लिहिली. 'संघ: संधिपाद. वर्ग: कीटक.' घ्या! कीटकाला पाय सहा, मला नांग्या धरून दहा. काचेतून मोजता येतात की.

शालूबाईनं त्यांच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि खाली एकेक अक्षर कोरलं, 'पिऊ नये'.

पावणं, कधी आलात तर मला बघून जावा. रंग उडालाय, एक पाय गळून तळाला पडलाय. मोजताना तोही धरा. आणि चिठ्ठी खालून वाचा. बरोबर तेवढीच ओळ हाय.