काचेतली खुर्ची

"बाबा, मी बसले होते ना!"

तीस वर्षं झाली, पण कुठेही गाणं मध्येच थांबलं की हा आवाज खुर्चीवाल्यांच्या कानात उठतो. सात वर्षांचा, रडू गिळलेला.

आज लेकीच्या घरी नातीचा सातवा वाढदिवस होता. खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा केव्हाच बसला होता. उरलेल्या आठ लोखंडी खुर्च्या त्यांनी सकाळी घासूनपुसून आणल्या होत्या. पूर्वी लोक खुर्च्यांबरोबर त्यांनाही बोलवायचे. संगीत खुर्ची खेळवावी तर त्यांनीच. मुलांकडे पाठ करून, टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून ते उभे राहत. पाठमोरा माणूस कुणाची बाजू घेणार?

"बाबा, गाणं तुम्हीच लावा," म्हणत लेकीनं त्यांच्या हातात फोन दिला.

आठ मुलं, सात खुर्च्या. गाणं वाजलं, गाणं थांबलं. एकच झुंबड उडाली आणि एक चष्मेवाली मुलगी उभीच राहिली.

"चल बाळ, तू आऊट," खुर्चीवाले सवयीनं म्हणाले.

"आऊट कसलं, आजोबा?" नातीनं सरकून चष्मेवालीला आपल्या खुर्चीवर ओढून घेतलं. "खुर्ची जाते. मुलं नाही जात!"

पुढच्या फेरीत सहा खुर्च्या, मुलं आठच. मग पाच, मग चार. मांडीवर मांडी, खांद्यावर खांदा. खुर्चीवाले पार गोंधळले.

"अगं, हा कसला खेळ? यात जिंकणार कोण?"

"सगळे," लेक म्हणाली.

"सगळे जिंकले, तर हरलं कोण?"

"खुर्च्या!" नात फिरता फिरता ओरडली. पोरं खिदळली.

"हल्ली असंच खेळतात का गं?"

"हल्लीचं मला काय माहीत! आमच्याकडे असंच." लेक बशा मांडत राहिली.

हा टोमणा होता, की साधं बोलणं? तिच्या चेहऱ्यावर काही सापडेना.

त्यांनी पुन्हा गाणं लावून पाठ फिरवली. तेवढ्यात फोनचा पडदा विझला आणि काळ्या काचेत इवलीइवली मुलं फिरायला लागली. टेपरेकॉर्डरच्या झाकणाची काचही अशीच काळी होती. तीत सगळं दिसायचं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशीही दिसलं होतं. त्यांची निम्मी कामं ज्या घराच्या ओळखीवर चालत, त्याच घरचा वाढदिवस. खुर्ची एक, मुलं दोन: त्यांची लेक आणि यजमानांचा मुलगा. गाणं थांबलं. लेक टेकली, मागून तो येऊन तिच्यावर आदळला. "मी आधी!" "मी आधी!" सगळ्या माना खुर्चीवाल्यांकडे वळल्या.

"माझी तर पाठ होती," ते म्हणाले आणि त्यांनी लेकीचा दंड धरून तिला उठवलं.

त्यानंतर ती कुठल्याच खुर्चीभोवती फिरली नाही. बापाबरोबर यायची, भिंतीला टेकून बघायची, शेवटी खुर्च्यांच्या घड्या घालायची. लाजरी आहे, असं खुर्चीवाले लोकांना सांगत. स्वतःलाही.

"आजोबा, थांबवा की! चक्कर आली!"

त्यांनी दचकून गाणं बंद केलं. फेऱ्या संपत आल्या होत्या. शेवटच्या एका खुर्चीवर आठ मुलांचा ढीग झाला, ढीग कलला, धपकन खाली आला आणि हसत हसत केककडे पळाला.

खोलीत एक आडवी खुर्ची उरली. लेकीनं ती उचलून सरळ केली आणि हुश्श करून तिच्यावर बसली. मग थोडी सरकली.

"बसा ना, बाबा. मावतं."

ते अंग चोरून कडेला टेकले. हातातल्या काळ्या काचेत दोघांचे चेहरे शेजारी शेजारी आले.

"तू परत कधी खेळलीच नाहीस," ते म्हणाले.

"राहू द्या हो. तुमची तर पाठ होती." ती हसली. खरंच हसली की काय, त्यांना कळेना.

खुर्चीवाल्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"बसली होतीस तू. मी बघितलं होतं."