किलोमीटरला चार रुपये

मित्रांनो, मी एक जुना दहाचाकी ट्रक आहे. वाघोलीच्या एका ट्रान्सपोर्टच्या आवारात चाकांना दगड लावून मला उभं केलंय. माझी उजवी बाजू चेपलेली दिसते ना, तिचीच हकिकत सांगतो.

कारखान्यातून बाहेर पडल्यापासून बारा वर्षं मला रहीमभाईंनी चालवलं. त्यांना महिन्याचा पगार होता. घाट चढून आलो की दारावर थाप मारून ते म्हणत, "शाब्बास." डोळे पेंगू लागले की बिनघोर बाजूला घेऊन झोपत. गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि माझ्यावर राकेश आला. वारज्याचा, तेवीस वर्षांचा.

मालक सुखदेवशेठ त्याला म्हणाले, "नव्या ड्रायव्हरला पगार नाही. किलोमीटरला चार रुपये. जितका पळशील तितकं कमावशील."

राकेशने मोबाइलवर हिशेब केला. नागपूर सातशे किलोमीटर. जाऊन-येऊन साडेपाच हजारांच्या वर. त्याने लगेच आईला फोन लावला. कांताबाई कर्वेनगरच्या एका कॉलेजात दोन पाळ्या सफाईचं काम करत. "आई, पुढच्या महिन्यापासून एकच पाळी कर," तो म्हणाला.

पहिल्याच खेपेला नागपूरच्या गोदामाबाहेर आम्ही तीन दिवस उभे. माल उतरवायला माणसंच नव्हती. चाक फिरत नव्हतं, म्हणून पैसे नाहीत. जेवण, चहा, अंघोळीचे पैसे मात्र रोज खिशातून. येताना गाडी रिकामी, म्हणून निम्मा दर. राकेशने पुन्हा हिशेब केला. आईला काही कळवलं नाही.

त्यानंतर वाया गेलेले दिवस तो पळून भरून काढू लागला. जेवणही चालवता चालवताच. ब्रेकवर त्याचा पाय उशिरा पडू लागला होता. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

पाचव्या खेपेला, भर दुपारी, शिरूरच्या अलीकडे त्याचे डोळे मिटले. मी मोरीच्या कठड्यावर आदळलो. मध्ये कुणी आलं नाही, हे नशीब. पण राकेशचा पाय अडकला, तो माझ्याच पत्र्यात.

दोन आठवड्यांनी, राकेशकडून दवाखान्यात सगळं कळल्यावर, कांताबाई आवारातल्या ऑफिसात आल्या. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत-ऐकू येत होतं.

"अहो बाई, रेट सगळीकडे हाच आहे," शेठ म्हणाले. "झोप आली तर थांबायचं. मी नको म्हटलं होतं का?"

"थांबल्यावर किती देता?"

शेठनी समोरची वही पुढे ओढली.

"तीन दिवस गोदामाबाहेर तो तुमच्याच मालाची राखण करत होता. ते काम नव्हतं?"

शेठ पेन घेऊन उठले. भिंतीवरच्या दरपत्रकाखाली त्यांनी एक ओळ लिहिली: थांबलेल्या दिवसाचे चारशे.

कांताबाईंनी ती वाचली. "पुढच्याला उपयोग होईल," म्हणाल्या आणि दुपारची पाळी गाठायला निघाल्या. राकेशच्या पायाने आता पेडल दाबलं जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

मित्रांनो, माझा पत्रा ठोकून सरळ होईल. नगर रस्त्यावर गोदामांबाहेर ट्रकांची रांग दिसली, तर नुसते हॉर्न वाजवून पुढे जाऊ नका. गाडी किती पळते, हे सगळेच विचारतात. उभ्या गाडीतल्या माणसाला एकदा विचारा, जेवलास का?