संत्र्यांच्या गावातला कॅमेलिया

मी एक जुना, बुटका कॅमेलिया आहे. मित्रांनो, माझे नाव तुम्ही ऐकले नसेल. मी चहाच्या जातकुळीचे फुलझाड; माझे कूळ थंड, ढगाळ डोंगरातले. तळेगावच्या उन्हात मी टिकेन असे कोणालाही वाटले नव्हते. मी टिकलो.

१९७६ साली प्रभाकरराव मला डब्यात घालून घेऊन आले. ते सिलिगुडीला रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी मला आपल्या बहिणीच्या, यशोदाबाईच्या हाती दिले. तिने मला अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीत लावले. तिथे मला सकाळचे कोवळे ऊन मिळे आणि दुपारी सावली.

तिचे यजमान रूपराव यांची संत्र्यांची बाग होती. त्यांना ती जागा बैलांच्या पाण्याच्या हौदासाठी हवी होती.

"या हिवाळ्यात फुललं त राहू दे," ते म्हणाले. "नाई त उपटतो अन् हौद बांधतो."

दिवाळीनंतर माझ्या फांद्यांवर कळ्या टपोरल्या. त्याच वेळी यशोदाबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी वडनेरला गेली. इकडे रूपरावांच्या मनात आले, ती परत येईपर्यंत झाड फुलवून ठेवावे. मित्रांनो, संत्र्याला बहर आणायचा तर त्याचे पाणी तोडतात आणि मुळे उघडी करतात. त्याला ताण देणे म्हणतात. त्यांनी मलाही ताण दिला. रोज येऊन ते माझ्याकडे आशेने पाहत. मी तहानेने वाळत होतो. कळ्या तपकिरी झाल्या आणि एकेक करून गळून पडल्या.

यशोदाबाई परतली ती थेट माझ्यापाशी आली.

"काय केलं हे? पाणी काऊन तोडलं?"

"तुह्यासाठीच केलं वं! ताण देल्याबिगर झाड फुलते काय कधी?"

"थे संत्रं हाय काय?"

रूपरावांनी गळालेल्या कळ्या उचलल्या. मग ते पुटपुटले, "पण फुललं त नाई ना. हौद बांधा लागीन."

"एक हिवाळा तुमचा झाला," ती म्हणाली. "आता एक माहा."

तिने मला चिकट काळ्या मातीतून काढले. मोठ्या कुंडीत कुजलेला पालापाचोळा आणि जंगलातली भुसभुशीत लाल माती भरली, आणि कुंडी पुन्हा कडुनिंबाखाली ठेवली. विहिरीच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर चढतो हे तिला ठाऊक होते. तो क्षार मला सोसणार नाही, म्हणून पावसाळा आला तसे पावसाचे पाणी तिने रांजणांत झाकून ठेवले. त्याआधी वैशाखात ओल्या पोत्यांचा आडोसा केला. माझी निम्मी पाने करपली, पण उरलेल्या निम्म्यांवर मी तग धरला.

पुढच्या पौषात मी फुललो. गडद गुलाबी फुले, आणि उंची रूपरावांच्या गुडघ्याएवढी!

शेजारच्या कौशल्याबाई वाकून हुंगू लागल्या. "वासच नाई वं याले! देवाले काय वाहू?"

"तुह्या नाकासाठी नाई लावलं त्याले," यशोदाबाई म्हणाली.

मला वास नाही. फळही नाही. त्याची मला कधी लाज वाटली नाही. फुलायचे तेव्हा मी माझ्या रीतीने फुललो.

हौद विहिरीपलीकडे बांधला गेला. रूपरावांनी स्वतःहून माझ्या पश्चिमेला, कलत्या उन्हाला आड म्हणून, तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड उभा केला.

आता १९८७ साल आहे. मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. कोणाला लावले, पाळले, तर त्याला काय हवे ते त्याच्याकडे पाहून ओळखा. दुसऱ्याचा नियम त्याच्या मुळांवर लादू नका.

सध्या बागेतल्या संत्र्यांना ताण दिला आहे. सगळी झाडे तहानलेली उभी आहेत. रूपराव कोणाला पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. आणि रोज सकाळी रांजणातून तांब्या भरून तेच माझ्यापुढे वाकतात.

"पी बाप्पा," म्हणतात, "तू काई ऐकणारा नाईस."