चाळणीवर उरलेलं

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे, पण पिठाची नव्हे, मातीची! हसलात ना? हसा खुशाल. माती कोण चाळत बसतं, असंच तुम्हाला वाटलं असेल. माझ्या जन्माच्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि राधानगरीला नदीवर मोठं धरण बांधायला काढलं होतं, त्या दिवसांतली मी. आकाराम सुताराने सागाची पातळ पट्टी भिजवून वाकवली, तिचं गोल कडं केलं आणि त्यावर पितळी तारेची जाळी ताणून बसवली. माझी भोकं अशी एकसारखी, की ज्वारीचा दाणा अडावा आणि राळ्याचा निसटावा. आकारामच्या बायकोने मला उचलून उजेडात धरलं आणि म्हणाली, "रवा झकास चाळंल की ही!" मी मनातल्या मनात अशी फुलले म्हणता! लाडू, करंज्या, दिवाळी, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि दुसऱ्या दिवशी मला नेलं कुठे, तर शेतकी कचेरीत. माझ्या पोटात पहिला घास पडला तो ढेकळांचा.

कचेरीत दोनच माणसं माझ्या ओळखीची झाली. एक शांतिनाथसाहेब, जैन शेतकरी घरातले, पुण्याला शेतकी शिकून आलेले तरुण तपासनीस. बोलायला फटकळ, कामाला वाघ. दुसरे लालासाब, चाळिशी ओलांडलेले शिपाई. ते फारसं बोलतच नसत. एखादी बाई बांगड्या किणकिणवत कचेरीसमोरून गेली की हातातलं काम टाकून ते आत निघून जायचे. मला वाटायचं, माणूस तिरसट आहे. मला काय ठाऊक!

आमचं काम असं होतं. ठिकठिकाणची माती आणायची, सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीने ढेकळं फोडायची आणि माझ्यातून चाळायची. खाली पडेल ती माती. तिचा रंग बघायचा, वजन करायचं, तिची परीक्षा घ्यायची आणि वहीत लिहायचं. वर उरेल तो कचरा. खडे, मुळ्या, काड्या मागच्या दाराने फेकून द्यायच्या. मला या कामाचा मोठा तोरा होता हो! खरं काय आणि कचरा काय, हे ठरवणारी मी, असं मला वाटायचं. तो तोरा एका दुपारी उतरला.

त्या साली दरबाराला गडहिंग्लज ते नेसरी या पट्ट्यात एक नमुन्याचं शेत काढायचं होतं. जिथली माती उत्तम ठरेल तिथे दिवाळीनंतर लोखंडी नांगर घालायचा, पाण्यासाठी चर खणायचे, ऊस लावायचा. माती ठरवायचं काम आमच्या साहेबांकडे आलं. साहेब, लालासाब आणि बैलगाडीच्या मागच्या खुंटीला टांगलेली मी, असे आम्ही निघालो. रस्त्याने पाच जागा निवडल्या. प्रत्येक जागी लालासाब लांब लोखंडी गिरमिट जमिनीत पिळत पिळत घालायचे आणि त्याच्या पात्यात अडकून आलेली माती पिशवीत भरायचे. मध्येच गिरमिट अडायचं. 'कट्' असा आवाज यायचा.

"खडक असंल, साहेब."

"लावा जोर, लालासाब!" साहेब म्हणायचे. लालासाब अंगाचा भार टाकायचे आणि गिरमिट पुढे जायचं.

असा 'कट्' त्या दौऱ्यात कितीदा झाला असेल! पण त्यातला एक आवाज मी अजून विसरले नाही. तो खडकाचा नव्हता. मी पाठमोरी टांगलेली होते, त्यामुळे तो कुठल्या जागेवरचा ते मला दिसलं नाही.

परतताना हस्ताच्या पावसाने गाठलं. गाडी चिंब, बैल चिंब, पिशव्या चिंब. प्रत्येक पिशवीत साहेबांनी जागेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली होती. कचेरीत येऊन उघडून बघतात तर शाई पसरलेली, कागदाचा लगदा झालेला! पाच पिशव्या, आणि कुठली कुठल्या जागेची ते सांगणारं काहीच नाही. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

माती वाळली. लालासाब एकेक पिशवी माझ्यात ओतून चाळू लागले. दोन झाल्या. तिसरी ओतली, दोन हेलकावे दिले आणि माझ्या जाळीवर काहीतरी वाजलं. किण्.

लालासाबांचे हात थांबले. पुन्हा एकदा, अगदी हळू, त्यांनी मला हलवलं. किण्.

जाळीवर काचेचा एक तुकडा उरला होता. पोपटी रंगाचा, वाकडा, नखाएवढा. त्यांनी तो सदऱ्याला पुसला आणि उजेडात धरला. त्याच्या मधोमध मोहरीएवढा काचेचा मणी होता. तो बघितला मात्र, लालासाबांनी मला खाली ठेवलं.

तेवढ्यात साहेब आले. "काय झालं हो?"

"साहेब, ही माझ्या मेहमुदाची बांगडी हाय."

"अहो, हिरव्या बांगड्या गावोगाव असतात!"

"असत्यात की. पर ह्यो सांधा माझा हाय. मणेराला आपली काच कळती, साहेब."

मग त्या अबोल माणसाने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. लालासाब आधी मणेर होते, जत्राजत्रांतून बांगड्या भरायचे. त्यांची मेहमुदा चार वर्षांची. मोठ्या बायकांसारख्याच बांगड्या पाहिजेत म्हणून हट्ट धरून बसली. एवढ्याशा मनगटात त्या राहतात होय? मग बापाने एक पोपटी बांगडी दिव्याच्या ज्योतीवर मऊ केली, कापून लहान केली आणि टोकं पुन्हा जोडली. सांध्यावर काचेचा बारीक मणी राहिला. ती बांगडी घालून पोर घरभर नाचली होती.

त्याच महिन्यात कोल्हापुरात प्लेग आला. लालासाब जत्रेला गेलेले. त्यांची बायको फातिमा मुलीला घेऊन गाडीने माहेरी नेसरीला निघाली. गडहिंग्लज सोडल्यावर वाटेत दोघींना ताप चढला. कुठलंच गाव गाडीला शिवेत घेईना. पोर गाडीतच गेली. फातिमा तापाने बेशुद्ध होती, तेव्हा गाडीवानाने मुलीला वाटेत कुठेतरी पुरलं आणि चार दिवसांनी तोही प्लेगाने गेला. फातिमा वाचली, पण तिला काही आठवत नव्हतं. गडहिंग्लजपासून नेसरीपर्यंतची वाट, आणि त्यात चार वर्षांची पोर कुठे झोपली आहे ते सांगणारं जगात कुणी उरलं नाही. तेरा वर्षं झाली, दोघांनी तिच्या नावाने फातिहा वाचला तो नुसत्या रस्त्याकडे तोंड करून.

"बाप असून मी तिला तीन मुठी माती दिली न्हाय, साहेब," लालासाब म्हणाले. "एवढं सांगा, ही पिशवी कुठल्या जागंची?"

साहेबांनी पाचही पिशव्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ते आता देवालाच ठाऊक. खरं सांगू? मी अंदाजाने नंबर टाकणार होतो. दौरा पुन्हा करायला वेळ नाही, दिवाळी तोंडावर आली."

"आन् त्या जागंवर नांगर आला तर?"

लालासाबांनी तुकडा मुठीत घट्ट धरला.

"साहेब, तुमच्या रत्नाबाईआईसाब पाणी गाळत्यात. गाळून झाल्यावर फडकं कुठं पिळत्यात?"

"हे काय विचारता! ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. गाळण्यावर राहिलेला जीव परक्या पाण्यात टाकायचा नाही, असं आई लहानपणापासून सांगते."

"मग माझ्या ह्या गाळण्यावरचं कुठं सोडू?"

मित्रांनो, साहेबांचा चेहरा तेव्हा असा उतरला! त्यांनी कोट काढून खुंटीला टांगला, बाह्या वर केल्या आणि पाचही पिशव्या ओळीने मांडल्या.

एरवी साहेब मातीची परीक्षा नोकरी म्हणून घ्यायचे. त्या दिवसापासून मात्र एखाद्या हरवलेल्या माणसाचा माग काढावा तसे मागे लागले. एक माती तांबडीलाल, तशी वाटेत नेसरीजवळच दिसली होती, म्हणून ती पाचव्या जागेची. मग गडहिंग्लजच्या आणि नेसरीच्या पाऊस मोजल्याच्या वह्या मागवल्या. नेसरीला पाऊस जवळजवळ दीडपट. "जास्त पावसात मातीतला चुना धुऊन जातो, लालासाब, आणि कमी पावसात तो राहतो," असं म्हणत त्यांनी उरलेल्या चार मातींवर आम्लाचे थेंब सोडले. दोन माती फसफसल्या. त्या पहिल्या नि दुसऱ्या जागेच्या, गडहिंग्लजकडच्या. बांगडीची माती फसफसली नाही. लालासाब एकेक थेंब वाकून बघत होते.

उरल्या दोन पिशव्या आणि दोन जागा. तिसरी टेकडीच्या उतारावरची, चौथी खाली ओढ्याकाठच्या खोलगटातली. दोन्ही माती काळपट, दोन्हींत चुना नाही. साहेबांनी चिमूटभर माती मुशीत जाळून पाहिली, काचेच्या नळीत पाणी घालून ढवळून पाहिली. एवढं करूनही मन खात्री देईना. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लालासाब, ही माती चाळल्यावर वर काय काय उरलं?"

"बांगडी, साहेब."

"आणि खडे?"

"खडा एक बी न्हवता. ह्या उरलेल्या पिशवीत मुरूमच मुरूम निघाला."

"मग झालं तर! उतारावरची बारीक माती पावसाने वाहून खाली खोलगटात साचते. खडे वर राहतात." साहेब जागच्या जागी उभे राहिले. "ही चौथी जागा. ओढ्याकाठची."

मला वाटलं, लालासाब रडतील. ते रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिथं झाडाची सावली हुती. मी तिथं बसून भाकरी खाल्ली, साहेब."

"आणि जोर लावा म्हणून मी सांगितलं," साहेब म्हणाले.

दोघेही एकमेकांकडे बघायला तयार नव्हते.

आता घोडं अडलं ते अहवालावर. पाचांत सर्वांत कसदार माती त्या ओढ्याकाठचीच निघाली. म्हणजे पहिला नांगर तिथेच जाणार! "खराब हाय म्हणून लिवा की, साहेब," लालासाब म्हणाले. एक साधं वाक्य, पण साहेबांना ते लिहवेना. "माती चांगली आहे हो. तिच्याबद्दल खोटं कसं लिहू?" दोन दिवस त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं ते मोठ्याने वाचलं. माती उत्तम. मात्र नांगर लागल्यावर ती पुढे किती बदलली हे कळण्यासाठी चौथ्या जागेभोवती दहा हात लांब, दहा हात रुंद तुकडा कधीही न नांगरता, न खणता मूळ मातीचा नमुना म्हणून राखून ठेवावा. आणि मित्रांनो, यात अक्षरही खोटं नव्हतं, शास्त्रच तसं सांगतं. अहवाल मंजूर झाला. तुकडा राहिला.

दिवाळीच्या आधी एक दिवस फातिमा कचेरीत आली. तिचे दोन्ही हात रिकामे, मनगटात काचेची एक बांगडी नाही. नवऱ्याबरोबर ती ओढ्याकाठी ती माती परत द्यायला निघाली होती. पिशवी मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली, निजलेलं मूल घेऊन आई बसावी तशी.

"समदी हाय न्हवं?" तिने विचारलं.

व्हय म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण शांतिनाथसाहेबांची मान खाली गेली. "थोडी मुशीत जाळली, मावशी. थोड्या मातीवर आम्ल टाकलं. नळीतली आणि ती, मागच्या दारी ओतली."

"आगीत घातलासा?" एवढंच ती बोलली.

साहेब आत गेले. मुशीच्या तळाशी राहिलेली विटकरी भुकटी त्यांनी बोटाने निपटून कागदात घेतली आणि तिच्या पिशवीत सोडली. फातिमा उठून मागच्या दारी गेली. जिथे ते पाणी ओतलं होतं तिथली माती तिने नखांनी खरवडून ओंजळीत घेतली. लालासाबांनी काचेचा तुकडा वर ठेवला. पिशवीचं तोंड बांधून फातिमा म्हणाली, "आता समदी झाली. चला."

आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली, अहो, मी तेव्हा किंचाळले असते! कारण सगळी झाली नव्हती. लालासाबांनी मला दुसऱ्यांदा हलवलं ना, तेव्हा त्या बांगडीचा तिळाएवढा एक कण माझ्या जाळीच्या भोकात रुतून बसला होता. कुणी पाहिलाच नाही. मला ना हात आहेत, ना तोंड! ती दोघं माझ्या देखत निघून गेली.

लालासाब परत आले, तेव्हा त्यांनी साहेबांना सांगितलं की फातिमाने माती दिली, फातिहा वाचला आणि येताना गडहिंग्लजच्या बाजारात स्वतःहून बांगड्या भरून घेतल्या. साहेबांनी डोळे पुसले. मला मात्र आनंद धड वाटेना. मी सगळं ऐकलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लालासाबांनी पुढे मला माती चाळायला घेतलंच नाही. नवी चाळणी आली.

राज्य गेलं, कचेरी गेली. मी एका कोठारात जुन्या मापांखाली पडून आहे. कडं उकललं आहे, पितळ हिरवं पडलं आहे. फटीतून वारा आला की माझ्या जाळीत बारीक आवाज होतो. किण्. मोठ्या बायकांसारख्या बांगड्या मागणारी ती पोर अजून माझ्याकडेच आहे, असं मला वाटतं. मला भीती वाटते मित्रांनो, आणि लाजही वाटते.

म्हणून माझी एकच विनंती. मी सापडले तर मला घासून उजळवू नका, माझी जाळी बदलू नका. मला नेसरीच्या वाटेवर त्या ओढ्याकाठी न्या. शेताच्या मधोमध कधीही न नांगरलेला एक तुकडा दिसेल. आसपासचे लोक सांगतील, तो सरकारी नमुना आहे, त्याला हात लावायचा नसतो. तिथे मला उपडी धरा आणि हळूच हलवा.

पण जोर लावू नका.