संगप्पांची हाक

लातूरच्या माझ्या दुकानात येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला वाटतं, कंप्यूटर फॉरमॅट मारला की त्याची सगळी पापं धुऊन निघतात. पंखा आवाज करतो, फॉरमॅट मारा. प्रिंटर कागद ओढत नाही, फॉरमॅट मारा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अशा गिऱ्हाइकांवर मी खेकसते. तरी ती परत येतात, कारण शिवकांताताई तोंडाची तिखट आहे पण आतलं काही जाऊ देत नाही, असं बाजारात नाव झालंय.

किल्लारीचा वीरेश आला तो हेच म्हणत. तिशीचा असेल. किल्लारी ते लातूर जीप चालवतो.

"घरी या ताई. अव्वा सीपीयू घराभायेर न्हेऊ देईना. आन् एक ऐका. तिच्या म्होरं दुरुस्तीचं नाटक करा, पर फॉरमॅट मारा. म्हणा, गेलं सगळं."

"का? काय आहे त्यात?"

"अप्पांचा आवाज हाय. अप्पा गेले श्रावणात."

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसाचा एखादा फोटो तरी काढून द्या म्हणून माझ्यासमोर लोक रडतात, आणि हा बापाचा आवाज पुसायला सांगतोय. मी तसं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "तुमी ऐकला न्हाई तो."

जीपमध्ये मी पुढं बसले आणि वाटेत त्यानं सगळं सांगितलं. भूकंप झाला तेव्हा वीरेशचा जन्मही झाला नव्हता. त्याला एक मोठी बहीण होती, शिवांगी. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. घर बसलं तेव्हा त्याचे वडील, संगप्पा, कसेबसे बाहेर फेकले गेले. ते दगडांवर उभे राहून एकेकाला नावानं हाका मारत होते. अव्वा, म्हणजे आई दानम्मा, ओ देत होती, तिला काढली. शिवांगीही ओ देत होती. "आले अप्पा, आले." उजाडेपर्यंत देत होती. मग थांबली.

"तवापासून अप्पांनी नेम धरला," वीरेश म्हणाला. "रोज पहाटं उठून अंगणात उभं ऱ्हायचं, घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव आलं त्यानं अंगणात यायचं, 'भायेर हाय' म्हणायचं. मंग घरात जायचं. थंडी असो, ताप असो. अव्वाचं नाव, मंग माझं. शेवटाला शिवांगीचं. तिचं नाव घेऊन अप्पा उगंच उभं ऱ्हायचे, बराच येळ. कोण देणार ओ?"

"आणि कंप्यूटर?"

"छाती दुखायला लागली, डॉक्टर म्हणले पहाटं उठू नका. मंग त्यांनी माझ्याकून आवाज भरून घेतला. कंप्यूटर पहाटं आपूआप चालू व्हायचा, चालू झाला की हाक सुरू. ते खाटंवर पडून ऐकायचे, आमी अंगणात." त्यानं गिअर बदलला. "ते लिंगैक्य झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी बी चालू झाला. आदल्या सांजंला मातीहून आलेलो आमी. 'दानम्मा, भायेर ये' आलं. 'वीरेश' आलं. मी वायरच उपसली. अव्वानं मागनं लावली, पर हाक आली न्हाई. माझ्या जल्माआधी मेलेल्या पोरीसाठी मी जलमभर उठलो ताई. आता मेलेल्या मानसासाठी बी उठू?"

मी आपली वायरीचा विचार करायला लागले. अशी मधेच वायर उपसली की कधीकधी आतल्या हार्ड डिस्कवरची सुरुवातीची जागा बिघडते आणि कंप्यूटर उठूच शकत नाही. बिघाड काय असणार ते मला तिथंच कळलं होतं.

नव्या किल्लारीतलं त्यांचं घर रांगेतलं, पुनर्वसनाचं. दाराला आतून कडीच नव्हती. संगप्पांनीच काढून टाकली होती म्हणे, अडकायला नको म्हणून. समोरच्या खोलीत टेबलावर कंप्यूटर, त्याच्या डोक्यावर विभूतीचे तीन पट्टे. दानम्मा त्याच्यापुढं खाली बसल्या होत्या. त्या खोलीत दुसरं काही करत असाव्यात असं वाटतच नव्हतं.

"ये माय, बस," त्या म्हणाल्या. "बघ की जरा. रोज उठतेत, पर आवाज फुटंना."

"कोण उठतंय?"

"वीरेशचे अप्पा."

मी वीरेशकडं पाहिलं. तो दारात पाठमोरा उभा राहिला.

मी बटण दाबून पाहिलं. पंखा फिरला, पडदा काळा झाला आणि एक ओळ उमटली. बंद केला. पेन ड्राइव्ह आणला होता, पण जुनं खोड ते, त्याला पेन ड्राइव्हवरून उठायचं माहीतच नव्हतं. माझ्या सीडीसारख्या डिस्का दुकानात राहिलेल्या. मी स्वतःवरच चिडले. दानम्मांनी चहा दिला तो घेऊन खिडकीशी गेले.

कप ओठाला लागला आणि मागं पंखा घुमायला लागला.

कुणी हात लावला नव्हता. भरदुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि बंद केलेला कंप्यूटर आपणहून उठून बसला होता. दिवा लुकलुकला. काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ आली. माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले.

"बघ," दानम्मा म्हणाल्या. "हे असं. काय लिहितेत ते?"

"ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही म्हणतोय."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "अजून सापडंना म्हणतेत. म्हणतीलच की. पोर सापडलीच कुटं होती, उजाडल्यावर सापडली."

दमानं घे शिवे, मी स्वतःला म्हटलं. सीपीयू उघडला. आतल्या घड्याळाची बॅटरी मेल्यात जमा होती. लाइट गेली की घड्याळ मागं पडायचं, म्हणून त्याची पहाट आपल्या दुपारी व्हायची. गजर लागायचा, कंप्यूटर उठायचा, आणि पुढं वाट न सापडून तिथंच अडायचा. सगळं सरळ होतं. मी ते दानम्मांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अडकलेतच की?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग एकदा सोडीव माय त्यांना. एकडाव पुरं बोलू दे. नेम बंद पडला तर पडला. मला त्यांना एक उत्तर द्यायचं ऱ्हायलंय. ह्यानं वायर उपसली ती त्याच्या आधी."

दारातून वीरेश नुसतं "अव्वा" म्हणाला.

"याच्याबरोबर आलेली डिस्क आहे का?" मी विचारलं.

होती. देव्हाऱ्यात होती. दर दसऱ्याला संगप्पा कंप्यूटरच्या पूजेबरोबर तिचीही पूजा करायचे. आता डिस्कला दोन बाजू असतात. एक छापील, नावाची. दुसरी चकचकीत, आरशासारखी, जिच्यावर सगळा मजकूर असतो. देवमाणसानं चकचकीत बाजू हे तोंड धरलं होतं आणि दरसाल तिलाच तीन बोटं विभूती ओढली होती. वर कुंकू. थरावर थर.

"अहो, हिला आंधळी केली की तुम्ही!" मी ओरडले. "लावायची तर पाठीला लावायची!"

"पाठीला कोण लावतंय विभूती?" दानम्मा म्हणाल्या. ते मात्र खरं होतं.

मोरीत नेऊन साबणाच्या पाण्यानं मी ती डिस्क धुतली. राख पाण्याबरोबर गेली. दानम्मा शेजारी उभ्या राहून ते पाणी तुळशीत घालायला तांब्यात धरत होत्या. मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसली. तरी राखेनं तीन ओरखडे पाडलेलेच होते. मी डिस्क घातली. ती आत फिरली, थांबली, कुरकुरली, पुन्हा फिरली. मी मनात देवाचं नाव घेतलं. गिऱ्हाइकासमोर मी ते कधी करत नाही.

पडदा निळा झाला. मधोमध सिस्टिम नव्यानं घालायचं मोठं बटण, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुरुस्ती. मोठं दाबलं की जुनं पाडून नवं बांधतात. बारीक दाबलं तर घर तसंच राहतं, नुसती दाराची चौकट सरळ करतात. वीरेश माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला होता. त्याचा श्वास मानेवर लागत होता. त्यानं बोट पुढं केलं, मोठ्या बटणाकडं.

"मागं हो," मी म्हणाले. "वायर उपसताना विचारलंस का कुणाला?"

त्यानं हात मागं घेतला, आणि मला लगेच वाईट वाटलं. चुकीचं असं तो काहीच मागत नव्हता. पण आई काय मागतेय ते मी ऐकलं होतं.

बारीक अक्षरांवर दाबलं. तपासणी सुरू झाली, पट्टी सरकत राहिली, ओरखड्यापाशी अडायची आणि पुढं जायची. दुरुस्ती जमली नाही असं एकदा म्हणाला. मग काळ्या खिडकीत मी हातानं आज्ञा लिहिल्या, सुरुवातीची जागा पुन्हा लिहून घेतली. डिस्क काढली. कंप्यूटर बंद केला आणि चालू केला.

ती पांढरी ओळ आली नाही.

दानम्मा उठून अंगणात गेल्या. वीरेश जागचा हलला नाही. स्पीकर खरखरला. आधी कोंबड्याचा आवाज, मग एका म्हाताऱ्याचं खाकरणं, इतकं जवळ की मी खुर्ची मागं सरकवली.

"दानम्मा. भायेर ये."

"हाव," अंगणातून आवाज आला. "भायेर हाय."

"वीरेश. भायेर ये."

वीरेशनं दाराची चौकट धरली होती. हाकेनंतर उत्तरापुरती जागा सोडलेली होती, ती सरत आली. मग त्यानं एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं. "हाय अप्पा," तो म्हणाला. "भायेर हाय."

"शिवांगी."

पुढं 'भायेर ये' नव्हतं. नुसतं नाव. त्यामागून पहाटेची शांतता आली, कुठंतरी कुत्रं, आणि त्या माणसाचा श्वास. तो वाट पाहत होता. तीसेक वर्षांचं ते वाट पाहणं त्या खोलीत येऊन उभं राहिलं. स्पीकर बंद करावासा वाटला, पण अंगणात दानम्मा उभ्या होत्या.

अंगणातून दानम्मा बोलल्या. आवाज चढवला नाही, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलावं तसं.

"ती तुमच्याजवळच हाय की आता. बाजूला बघा की जरा. भेटली न्हवं? मग आता हाका नका मारू."

श्वास थांबला. स्पीकरमधून, अगदी हळू, आवाज आला.

"बरं."

आणि रेकॉर्डिंग संपलं.

दानम्मा आत आल्या. डोळे कोरडे होते. "झालं," त्या म्हणाल्या. "पूस आता माय. काय फॉरमॅट म्हणतेत ते मार."

"नको!" वीरेश ओरडला. तो भिंतीसारखा पांढरा पडला होता. "ताई, मी भरलाय तो आवाज. शिवांगीचं नाव घेतलं, गप बसले, मंग मी बंद केलं. 'बरं' न्हवते म्हणले ते. रोज ऐकलंय मी. शेवटाला काहीच न्हवतं."

विसरला असेल. पहाटेच्या झोपेत कोण शेवटपर्यंत ऐकतं? तपासायला एवढंसं काम होतं. फाइल समोर होती, माझा हात माऊसवर होता, एकदा पुन्हा लावली की कळलं असतं.

दानम्मांनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांना विभूती लागलेली होती.

"नगं लावू," त्या म्हणाल्या. "पुन्हा तिला हाक जाईल."

मी कंप्यूटर बंद केला. पहाटेचा गजर काढून टाकला आणि जुनी बॅटरी पर्समध्ये टाकली. फाइल पुसली नाही, लावलीही नाही. मी निघाले तेव्हा दानम्मा डिस्क मांडीवर पालथी घेऊन बसल्या होत्या, छापील बाजूला तीन बोटं ओढत. वीरेश जीप काढायला गेला आणि जाताना आईला म्हणाला, "अव्वा, दाराला कडी बसवून घेऊ का?"

"बसव," दानम्मा म्हणाल्या.